माझी एकही ओळ न पुसणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, त्यामुळे घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. खाजगीत मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता, आणि यावेळी मला तो बदलू द्यायचा नाही.

मी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, हे तुम्हाला माहीत आहेच. एकीकडे ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, दुसरीकडे ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि संदर्भ उघडे, असं माझं काम चालतं. मध्येच माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा, आवाज तुटायचा आणि छान वाचून झालेलं पान पुन्हा वाचावं लागायचं. तुटलेल्या वाक्याला दुसऱ्यांदा तोच सूर लागत नाही. माईकसमोर बसणाऱ्या कुणालाही विचारा.

तुमच्या आधी मी पुष्कळांना विचारलं होतं. कुणी नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं, कुणी "आधी मॅन्युअल वाचून या" म्हणून वाटेला लावलं. सर्वांत ठामपणे बोलणाऱ्यांनी सांगितलं की जेंटू नावाचं लिनक्स टाका, सगळी सिस्टिम सोर्सपासून (म्हणजे मूळ कोडपासून) आपल्या प्रोसेसरसाठी कंपाइल करा, म्हणजे बनवून घ्या, डेस्कटॉप पळायला लागेल. सोबत फ्लॅगांची, म्हणजे कंपाइल करताना द्यायच्या सूचनांची, लांबलचक यादी दिली. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. कंपाइल अर्ध्यावर कोसळायला लागलं तेव्हा त्यांतलं कुणीही पुन्हा फिरकलं नाही. त्यांचा राग अजून आहे मला. माहिती नसणं समजू शकतं. पण दुसऱ्याला अर्ध्या पाण्यात उतरवून स्वतः काठावरून निघून जायचं, हे मला पटत नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "नेमकं कधी अडकतं? तेव्हा काय काय उघडं असतं?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मग मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे दाखवणारं व्हीएमस्टॅट चालू ठेवून नेहमीसारखं काम करायला लावलंत. आकड्यांनी पाच मिनिटांत सांगितलं ते कुणाच्या सल्ल्याने सांगितलं नव्हतं. प्रोसेसर बराच वेळ रिकामाच होता. रॅम भरली की मेमरीतली पानं, म्हणजे माहितीचे तुकडे, हार्ड डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या जागेत जात होती, लागली की परत येत होती, आणि अख्खा डेस्कटॉप डिस्ककडे डोळे लावून थांबत होता. कंपाइलर कितीही हुशार असला तरी डिस्क जलद फिरवू शकत नाही, हे तुमचं वाक्य मी तसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. निदान करणारी जाणकार माणसं आणखीही असतील. हे पत्र त्या मेक डॉट कॉन्फ फाइलसाठी आहे, जिच्यात जेंटूने कसं कंपाइल करायचं ते लिहिलेलं असतं.

मी तुम्हाला ती फाइल पाठवली, ती त्या यादीतल्या फ्लॅगांनी भरलेली होती. तुम्ही ती कोरी करून तुमची चार ओळींची फाइल पाठवू शकला असता. जाणकार लोक तेच करतात, आणि तेही चुकीचं ठरलं नसतं. तुम्ही माझी एकही ओळ पुसली नाहीत. नको त्या प्रत्येक ओळीपुढे नुसती हॅशची खूण केलीत (ओळ राहते, पण कॉम्प्युटर ती वाचत नाही) आणि वर मराठीत कारण लिहिलंत. जास्तीत जास्त वेग मागणाऱ्या ओफास्ट या फ्लॅगच्या वर: "याने दशांशाच्या गणिताचे नियम सैल होतात. तुम्ही आवाजावर काम करता, इथे धोका कशाला? ओ2 पुरे." एकाच वेळी किती कामं चालवायची, त्या आकड्याच्या वर: "प्रोसेसरचे गाभे मोजू नका, रॅम मोजा. एका कामाला साधारण 2 जीबी धरा. कंपाइल म्हणूनच कोसळत होतं." आणि आपल्याच प्रोसेसरसाठी कोड बनवायला सांगणाऱ्या मार्च=नेटिव्हच्या वर: "हे राहू द्या, चांगलं आहे. पण व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडेकमध्ये फार फरक शोधू नका. ते चालू होतानाच प्रोसेसर ओळखून त्याला साजेसा कोड निवडतात."

रात्री ती फाइल वाचताना मला रडू आलं. एका कॉन्फिगरेशन फाइलवर रडू आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही. समोरच्याने जे जमवलंय त्याचा मान ठेवायचा, त्याला पुढच्या वेळी स्वतः ठरवता यावं म्हणून कारण सांगायचं, आणि तेही त्याच्या भाषेत, यात तुमची संध्याकाळ गेली असणार. तुमचं काम चार ओळींतही झालं असतं.

बाकीचं थोडक्यात. रॅमची आणखी एक पट्टी, रॅममध्येच माहिती दाबून ठेवणारं झेडरॅम, आणि सतत फायली चाळत बसणारा इंडेक्सर बंद. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा मूळ भाग, तोही मी कंपाइल करणारच म्हणून बसले होते; तुम्ही म्हणालात, आधी बूटच्या ओळीत प्रीएम्प्ट=फुल (तातडीच्या कामाला लगेच वाट द्या) एवढंच घालून बघा, कर्नलच्या 5.12 आवृत्तीपासून ते कंपाइल न करताही बदलता येतं. फरक जाणवला. तरीही कर्नल मी स्वतः कंपाइल केला, आणि "आता गरज काय" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट यूज फ्लॅग, म्हणजे कुठल्या सोयी हव्या-नकोत ते सांगणारे शब्द, कसे निवडायचे ते शिकवलंत: जे लागत नाही ते सिस्टिममध्ये येऊच द्यायचं नाही, सोर्सपासून बिल्ड करण्यातला खरा फायदा तिथे आहे, वेगाच्या दोन-चार टक्क्यांत नाही. माझ्या सिस्टिममध्ये काय आहे आणि का आहे, ते आता मला ठाऊक आहे. हा आनंद मोठा आहे, आणि तो तुम्ही माझ्याकडून काढून घेतला नाहीत.

लिनक्सच्या जगात सॉफ्टवेअर फुकट वाटणारे पुष्कळ भेटतात. स्वतःचा वेळ देणारे आणि देताना समोरच्याला लहान न करणारे कमी भेटतात. अशा माणसांवरच हे सगळं चालतं असं मला आता वाटतं. त्यांची नावं कुठल्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, येत नाहीत, याचं वाईटही वाटतं.

सध्या वाचायला घेतलेल्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं एकदाही न तुटता रेकॉर्ड झाली. जमेल तेव्हा ऐका. तुमच्यासाठी एक प्रत ठेवली आहे. आणि एक विचारायचं राहिलं. माझ्याच अडचणीत सापडलेल्या एका मुलीला ती फाइल द्यायची आहे, तुमच्या टिपांसकट. चालेल ना?

तुमची कायमची ऋणी,
एक वाचक-निवेदक