वापरलेलं फेरिक क्लोराईड मोरीत ओतू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी कपाट आवरताना कोल्ड्रिंकच्या बाटलीत वापरलेलं फेरिक क्लोराईड, म्हणजे सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवून काढायचं द्रावण, सापडलं. रंग हुबेहूब कोल्ड्रिंकचा, वर चिठ्ठी नाही. आपल्याकडे शाळकरी मुलं येतात. नागपूरच्या उन्हातून आलेल्या एखाद्याने ती तोंडाला लावली असती तर, या विचाराने मला अजून धडधडतं. खाण्यापिण्याच्या बाटलीत हे द्रावण एका दिवसासाठीही भरू नका.

बोर्डावरून निघालेलं तांबं द्रावणात विरघळून राहतं. कितीही पाणी घातलं तरी ते नाहीसं होत नाही, आणि थोडं तांबंही माशांना घातक असतं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला; आपली मोरी तिथवर पोचते. धुण्याच्या सोड्याने आम्ल मारलं तरी तांबं गाळात उरतंच, म्हणून तो गाळही कचरागाडीत नको.

साठवायला जाड प्लास्टिकचा कॅन घ्या, वर नाव-तारीख लिहा. धातूचा डबा नको. अ‍ॅल्युमिनियम तर द्रावण तापवतं आणि हायड्रोजन सोडतं. बोर्डासाठीच वापरलेलं आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वेगळं ठेवा, त्यातून वायू निघत राहतो, झाकण घट्ट लावलं तर कॅन फुगून फुटेल. ब्लीचिंग पावडर जवळही नको, क्लोरीन सुटतो.

घरी साठलेलं द्रावण येत्या रविवारी घेऊन या. सगळं एकत्र करून बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे रीतसर पाठवायचं आहे. आणताना हातमोजे, चष्मा घाला. डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.