कारीनचा मुलगा

नाशिक, रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघा धरलाय, पण तो विमानाआधीही धरलेलाच होता.

स्वीडनमधल्या व्हेस्तेरोसच्या कॅथेड्रलमध्ये तू मला त्या संगमरवरी थडग्यासमोर उभं केलंस, ‘हा एरिक चौदावा, याला भावानं विष घातलं म्हणतात’ एवढं सांगितलंस आणि पार्किंगचे पैसे भरायला पळालास. तेव्हापासून ते घराणं डोक्यातून जात नाही. इथे आल्यावर वाचत बसले.

बाप गुस्ताव वासा, 1523 साली राजा झाला. तीन लग्नं, तिसरी बायको म्हणजे दुसरीची सख्खी भाची! एरिक पहिलीचा, योहान आणि कार्ल दुसरीचे. म्हणजे सावत्र भाऊ. पुढचं भांडण तू ओळखशीलच. एरिकनं योहानला बायकोसकट ग्रिप्सहोमच्या किल्ल्यात चार वर्षं डांबलं. 1568 साली योहान आणि कार्ल उलटले आणि एरिकच कैदेत गेला. 1577 साली कैदेतच मेला. 1958 मध्ये थडगं उघडलं, तेव्हा हाडांत आर्सेनिक सापडलं.

पण मला राजाचं एवढं काही वाटलं नाही रे. मन अडकलं ते त्याच्या बायकोत. कारीन, एका साध्या शिपायाची मुलगी, राजाच्या बहिणीकडे कामाला होती. एरिक आधी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला मागणी घालत फिरला, आणि शेवटी लग्न केलं ते हिच्याशी. 1568 च्या जुलैत हिच्या डोक्यावर मुकुट चढला आणि काही महिन्यांत राज्यच गेलं. नवऱ्याबरोबर कैदेत राहिली. पुढे तिला वेगळं काढून फिनलंडला तुर्कूच्या किल्ल्यात पाठवलं. तिथे 1575 मध्ये तिचा मुलगा गुस्ताव तिच्यापासून काढून घेतला. सात वर्षांचा. गादीवर हक्क सांगेल म्हणून पोलंडला धाडला.

एकवीस वर्षांनी, 1596 मध्ये, ती समुद्र ओलांडून रेव्हालला, म्हणजे आताच्या टॅलिनला, त्याला भेटायला गेली. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या समोर उभा. त्याला कितीतरी भाषा येत होत्या म्हणे, पण स्वीडिश विसरला होता. मग हिनं अंगावरच्या जन्मखुणांवरून त्याला ओळखलं. काय बोलली असतील दोघं? मध्ये कुणी दुभाषी होता का? तेवढं वाचून मी चष्मा काढून ठेवला. तुझे बाबा विचारत होते, डोळे का चोळतेस.

पुन्हा भेट झाली नाही. तो 1607 साली रशियात वारला. ती त्यानंतर पाच वर्षं जगली. तुर्कूच्या कॅथेड्रलमध्ये आहे ती. पुढच्या खेपेला बोटीनं जाता येईल का बघ.

आरू मला ‘फारमोर’ म्हणतो. बापाची आई, अगदी हिशेबशीर शब्द, मला आवडतो. पण तो गोष्ट सांगायला लागला की मी तुझ्या तोंडाकडे बघते आणि तू निम्मीच सांगतोस. ‘काही नाही गं, शाळेतलं काहीतरी’ हे भाषांतर नव्हे. त्याला आंघोळ घालताना डाव्या खांद्यामागचा तीळ मी पाहून ठेवलाय हो!

रविवारी फोन लावशील तेव्हा त्याच्या हातात दे आणि तू भाजी आणायला जा. आमचं आम्ही बघू.

गोडा मसाला निळ्या झाकणाच्या डब्यात ठेवलाय, फ्रीजच्या वर. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई