बाबा, नॅशनल गॅलरी पाहिली

लंडन

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. तब्येत उत्तम आहे, थंडी आता सोसते आणि भाकरीला ज्वारीचं पीठ इथे मिळतं. इथून पुढचा मजकूर मात्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांचा चष्मा सापडेपर्यंत मला धीर नाही.

बाबा, ट्रॅफल्गर चौकातली नॅशनल गॅलरी पाहिली. तिकीट नाही. आत शिरलं की तुम्ही आम्हाला पुस्तकात दाखवलेले रेम्ब्रांट, टिशियन, टर्नर, व्हॅन गॉगची सूर्यफुलं, सगळं हातभर अंतरावर. एका दालनात शाळेची मुलं जमिनीवर मांडी घालून चित्र काढत बसली होती. तुमचे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे विद्यार्थी इथे असते तर काय झालं असतं, हाच विचार बराच वेळ मनात होता.

गॅलरीतल्या एका जाणत्या बाईंनी या जागेचा इतिहास सांगितला, तो ऐकून चित्रं पुन्हा नव्याने पाहिली. पॅरिसचं लुव्र संग्रहालय राजाच्या संग्रहातून उभं राहिलं. इथे तसं झालं नाही. जॉन ज्युलियस अँगरस्टाइन या विमा व्यवसायातल्या धनिकाच्या पश्चात त्याची 38 चित्रं सरकारने 1824 मध्ये 57,000 पौंडांना घेतली आणि त्याच्याच पॉल मॉलवरच्या घरात लोकांसाठी मांडली. त्याच्या संपत्तीचा एक भाग वेस्ट इंडीजमध्ये गुलामांना राबवणाऱ्या मळ्यांच्या व्यवहारांतून आलेला होता. हे माहीत असणं मला गरजेचं वाटतं. सेबास्टियानो देल पिओम्बो या इटालियन चित्रकाराचं मेलेल्या लाझरसला येशू उठवतो ते प्रचंड चित्र गॅलरीच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकाचं आहे. त्याच्यासमोर उभी असताना हा पैशाचा विचार मनातून गेला नाही, आणि तो जाऊ नये असंच वाटलं.

आताची इमारत 1838 मध्ये उघडली. जागा निवडताना असा विचार झाला की पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून येतील आणि पूर्वेकडच्या वस्त्यांमधले गरीब पायी येऊ शकतील. पण शहराच्या मध्यभागी म्हणजे कोळशाच्या धुरात. चित्रं काळवंडू लागली, गर्दीने धूळ वाढली, लोक पाऊस आला की आडोशाला आत शिरत. मग चित्रं स्वच्छ हवेच्या ठिकाणी हलवावीत का, यावर अनेक वर्षं वाद झाला. 1857 मध्ये यासाठी नेमलेल्या आयोगाने कौल दिला की ती इथेच राहावीत. चित्रं सुरक्षित राहिली पण लोकांपासून लांब गेली, तर ती ठेवायचीच कशाला? बाबा, तुम्ही शाळेतली चांगली चित्रं कपाटात न ठेवता व्हरांड्यात लावायचात आणि त्यावरून मुख्याध्यापकांशी बोलणी व्हायची. तेव्हा तुमचं म्हणणं मला पुरतं कळलं नव्हतं, ते इथे कळलं.

हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात फार कठीण होऊन समोर आला. युद्ध जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गॅलरी रिकामी झाली होती. चित्रं वेल्समध्ये गेली. फ्रान्स पडल्यावर तिथेही धोका वाटू लागला, तेव्हा ती कॅनडाला पाठवण्याचा विचार झाला. चर्चिलने नकार दिला : गुहांत लपवा, तळघरांत लपवा, पण एकही चित्र या बेटांबाहेर जाता कामा नये. मग वेल्समधल्याच मॅनोड नावाच्या डोंगरातली पाटीच्या दगडाची खाण सापडली. सुरुंग लावून तिचं तोंड मोठं केलं, आत विटांच्या खोल्या बांधल्या, हवेतली ऊब आणि ओल कायम एकसारखी राहील अशी सोय केली. व्हॅन डाइकने काढलेलं घोड्यावरच्या पहिल्या चार्ल्सचं चित्र जवळजवळ बारा फूट उंच. ते वाटेतल्या पुलाखालून जाईना, म्हणून खालचा रस्ताच खोदून खोल केला! खाणीतल्या स्थिर हवेत चित्रं इतकी चांगली राहिली की चित्रांना काय मानवतं हे तिथेच नीट समजलं. युद्धानंतर लंडनच्या दालनांतही हवा तशी राखायला सुरुवात झाली.

इकडे रिकाम्या गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. प्रवेश एक शिलिंग. पहिल्याच दिवशी हजारेक माणसं आली. जर्मनीशी युद्ध चालू असताना बाख, बीथोव्हेन वाजवले गेले. बॉम्ब पडू लागल्यावर मैफली तळघरात गेल्या, पण थांबल्या नाहीत. 1946 पर्यंत 1,698 मैफली झाल्या, आठ लाखांहून अधिक श्रोते आले.

पण लोकांना चित्रही हवं होतं. 1942 च्या सुरुवातीला लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रात एका वाचकाचं पत्र आलं की शहराचा चेहरा इतका जखमी झालाय, आता तर सुंदर गोष्टी पाहायला मिळायलाच हव्यात. मग दर महिन्याला डोंगरातून एकच चित्र लंडनला आणायचं ठरलं. पहिलं आलं टिशियनचं 'नोली मे तान्जेरे', म्हणजे लॅटिनमध्ये 'मला स्पर्श करू नकोस'. मी ते बघायलाच दुसऱ्यांदा गेले. मरणातून पुन्हा उठलेला येशू माळ्यासारखा कुदळ हातात धरून उभा आहे. त्याची शिष्या मेरी मॅग्डालेन गुडघ्यांवर बसून हात पुढे करते आणि तो अंग मागे घेतो, पण झुकतो तिच्याचकडे. मधल्या झाडाचा कल बघा बाबा, दोघांमधला सगळा ताण त्या खोडात आहे. मागे निळसर होत गेलेलं अंतर. घरचं माणूस गमावलेली किती माणसं त्या महिन्यात या चित्रासमोर उभी राहिली असतील.

पाहताना सातारा जिल्ह्यातलं औंध आठवलं. तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर स्वतःचा संग्रह सगळ्यांसाठी खुला केला, या इमारतीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तुम्ही तिथे आम्हाला रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभं करून आधी नुसतं बघायला सांगायचात, मी इथे तसंच करते.

टिशियनच्या चित्राचं कार्ड सोबत पाठवते आहे. रंग छपाईत थोडे गडद आलेत, मूळ लाल याहून मऊ आहे. सुट्टीत चिंटूला आणि त्याच्या वर्गातल्या दोघा-चौघांना औंधला न्याल का? वह्या-पेन्सिली बरोबर द्या. जाण्या-येण्याचा खर्च मी पाठवते, आईला नको म्हणू देऊ नका.

तुमची,
मनू