कर्करोगाच्या पेशी मरत का नाहीत, हेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरचे लेख मी आवर्जून वाचते. बहुतेकांत 'पेशींची अनियंत्रित वाढ' ही एकच व्याख्या असते. ती चुकीची नाही, पण अर्धीच आहे. या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत, हा उरलेला अर्धा भाग. मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे ही उणीव मला फार खटकते.

निरोगी पेशी एकटीच्या बळावर जगत नाही. आसपासच्या पेशींकडून किंवा रक्तातून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिने येतात, तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना चिकटतात आणि जगत राहण्याचा निरोप आत पोहोचवतात. निरोप थांबला की पेशी शिस्तीत स्वतःचा शेवट करते. या मृत्यूला 1972 मध्ये ॲपॉप्टोसिस हे नाव मिळाले. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या शास्त्रज्ञ बाईंना 1986 चे नोबेल ज्या ग्रोथ फॅक्टरसाठी मिळाले, तो चेतातंतूंची वाढ घडवणारा म्हणून ओळखला जातो. पण तो पुरेसा न मिळाल्यास गर्भावस्थेतल्या कितीतरी चेतापेशी मरून जातात.

कर्करोगाशी याचा संबंध स्पष्ट केला तो 1988 मध्ये, ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी. त्यांनी रक्तपेशींना लागणारा ग्रोथ फॅक्टर काढून घेतला. एरवी अशा पेशी मरतात. पण ज्यांच्यात बीसीएल-2 हे जनुक जोरात चालू होते, त्या मेल्या नाहीत. त्यांची संख्या वाढत नव्हती, त्या नुसत्या तग धरून होत्या. हे जनुक आधी एका प्रकारच्या लिम्फोमात, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगात, सापडले होते. म्हणजे मृत्यू टाळणे हेदेखील कर्करोगाचे कारण ठरू शकते! त्यानंतर चारच वर्षांत मिक या जनुकाबद्दल आणखी विलक्षण गोष्ट कळली. ते पेशीला विभाजनाकडे ढकलते, पण ग्रोथ फॅक्टर कमी असतील तर त्याच पेशीला मृत्यूकडेही नेते. मला हे शरीराने स्वतःच ठेवलेले कुंपण वाटते. बेलगाम वाढू पाहणाऱ्या पेशीला जगण्याचा निरोप कुठून तरी मिळवावाच लागतो.

तो निरोप कर्करोगाची पेशी नाना तऱ्हांनी मिळवते. कधी स्वतःच ग्रोथ फॅक्टर तयार करते. कधी ग्राहींची संख्या भरमसाट वाढवते, जसे स्तनाच्या काही कर्करोगांत हर-2 या ग्राहीचे होते. 1998 मध्ये मंजूर झालेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तिथेच काम करते. आणि कधी आतले बटणच कायमचे चालू राहते. आतड्याच्या कर्करोगात के-रास जनुक बिघडलेले असेल, तर बाहेरचा ग्राही अडवणाऱ्या सेटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग होत नाही, तो याचमुळे. 'औषधाआधी इतक्या तपासण्या कशाला?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना याचे उत्तर कुणीतरी साध्या मराठीत द्यायला हवे.

आणखी एक मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटल्या की पुष्कळ रुग्णांना जी-सीएसएफचे इंजेक्शन देतात. हाही ग्रोथ फॅक्टरच. नाव ऐकून घरचे घाबरतात: कर्करोग असताना वाढीचे औषध? पण त्याचा निरोप मुख्यतः अस्थिमज्जेतल्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशी ज्यांपासून बनतात त्यांच्यासाठी असतो. रक्ताच्या काही कर्करोगांत डॉक्टर तो अधिक विचाराने वापरतात, एवढे खरे. उलट, हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन गटातल्या औषधांबाबत काही चाचण्यांत कर्करुग्णांचे आयुष्य घटलेले किंवा गाठ बळावलेली दिसली आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा दिला. सगळेच ग्रोथ फॅक्टर घातक नाहीत आणि सगळेच निर्धोकही नाहीत. कोणता, कुणाला, कशासाठी, यावर ते ठरते. ऐकीव भीतीपोटी जी-सीएसएफ नाकारणाऱ्या रुग्णाला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

या दोन इंजेक्शनांमधला फरक समजावणारा लेख आपण एखाद्या कर्करोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावा आणि आरोग्य पुरवणीत ठळकपणे छापावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका