डॅलसहून पत्र: बाबा, हा धंदा तुम्हाला माहीत असलेलाच आहे

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार,

आम्ही सगळे मजेत. मुलांच्या शाळेचं, निखिलच्या नोकरीचं आईला रविवारी सांगून झालंय, ते परत लिहीत नाही. हे पत्र बाबा, खास तुमच्यासाठी. फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुमचा पुढचा प्रश्न येतो, आणि मागून नानाकाका काहीतरी जोडत असतात.

नानाकाकांनी तुम्हाला सांगितलं की मी स्वतःची नसलेली घरं विकते. मी घर विकतच नाही, घर घ्यायचा करार विकते. तुमची अख्खी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेली, तुम्हाला मी काय शिकवणार? इसार देऊन साठेखत करायचं, मुदतीच्या आत गिऱ्हाईक लावायचं आणि खरेदीखत परस्पर त्याच्या नावानं होऊ द्यायचं, हे बार्शीत जमिनींच्या व्यवहारात तुम्ही कितीदा पाहिलंय. इथे त्याला होलसेलिंग म्हणतात, एवढंच.

त्यातही मी फक्त एजंटकडे विक्रीला लागलेली घरं बघते. या धंद्यातले बरेच लोक विजेच्या खांबांवर ‘घर कसंही असो, रोख घेतो’ अशा पाट्या ठोकतात आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांची दारं ठोठावतात. ते मला जमत नाही. समोर आईच्या वयाची बाई बसली की माझ्या तोंडून कमी आकडा निघणारच नाही. एजंटकडच्या घराचा भाव एमएलएस नावाच्या एजंटांच्या सामायिक यादीत असतो, सगळे एजंट तो बघतात, आणि विकणाऱ्याच्या बाजूनं बोलायला बाजारभाव माहीत असलेला माणूस असतो. त्यामुळे फसवायला जागा नाही. कमवायलाही फार नाही, पण ते असो.

आता तुम्ही विचाराल, उघड्या बाजारात घर स्वस्त का मिळेल? त्याचं कारण मातीत आहे. डॅलसच्या बऱ्याच भागाखाली आपल्या वैरागच्या रानासारखी काळी माती आहे, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर या मंडळींनी काँक्रीटची लादी ओतून घरं उभी केली आहेत. माती आकसली की लादी वाकते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दारं चौकटीत अडकतात. म्हणून इथे उन्हाळ्यात लोक घराला पाणी घालतात. झाडांना नाही, घराला! भिंतीपासून फूट-दीड फूट लांब, घराभोवती एक रबरी नळी फिरवतात. नळीला अंगभर बारीक भोकं, त्यातून पाणी झिरपत राहतं. भिंतीला चिकटून घालायचं नाही, एकाच बाजूला घालायचं नाही, आणि एकदम भडाभडा तर नाहीच, सगळीकडची माती सारखी ओली राहायला हवी. त्यासाठी नळाला घड्याळ लावलेलं असतं. शेजारचे आजोबा गावाला गेले तेव्हा घराकडे लक्ष ठेवा म्हणाले नाहीत, नळीकडे ठेवा म्हणाले. आई, तुला हे खोटं वाटेल म्हणून फोटो पाठवते.

तर असं तडकलेलं घर बाजारात आलं की बँका कर्जाला कां-कूं करतात, नोकरदार गिऱ्हाईक पळतं, आणि एजंट महिनोन्महिने किंमत उतरवत बसतो. तिथे मी जाते. पर्समध्ये गोटी ठेवते. परवा डॅलसजवळच्या गार्लंडमधल्या एका घरात स्वयंपाकघराच्या मधोमध ती सोडली, तर सरळ फ्रिजखाली गेली. दुरुस्तीनंतर ते घर ३,००,००० डॉलरला जाईल. रोखीनं घेणारे त्याच्या ७० टक्के धरतात, म्हणजे २,१०,०००. त्यातून पायाचे आणि बाकी दुरुस्तीचे ४५,००० गेले की उरले १,६५,०००. मी १,५७,००० देऊ केले, मधले ८,००० माझे. बहुतेक एजंट अशा आकड्याला उत्तरही देत नाहीत. याने दिलं.

इसार बुडाला तर, हा तुमचा प्रश्न. टेक्सासच्या करारात ऑप्शनची मुदत घेता येते. थोडी फी भरायची, ठरलेल्या दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं, फी जाते आणि इसार परत मिळतो. गिऱ्हाईक लागलं नाही तर मी त्याच मुदतीत बाहेर पडते. घर माझं नाही, फक्त करार माझा आहे, हे घेणाऱ्याला लेखी कळवणं इथे २०१७ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. मी ते विकणाऱ्याच्या एजंटलाही पहिल्याच कागदात लिहून देते. बँकेनं जप्त केलेल्या घरांच्या वाटेला जात नाही, तिथे बहुधा करार दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाहीत. आणि माझ्या वर्क परमिटवर स्वतःचा धंदा चालतो, वकिलाला विचारलंय. निखिलच्या एच-वनवर असलं काही चालत नाही, म्हणून तो यात कुठेच नाही.

‘इंजिनियर होऊन दलाली’ असं तुम्ही म्हणालात त्याचं मला काही वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं. पण इथे आल्यावर परमिट येईपर्यंत मी किती काळ नुसती घरात बसले होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मंदारच्या साखरपुड्याचा व्हिडिओ पाहिला. वहिनी गोड आहे, माझ्याऐवजी आत्यानं ओटी भरली तेही छान झालं. लग्नाला यायचं नक्की धरून चाललेय, फक्त व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यावा लागेल आणि त्याची तारीख अजून मिळत नाहीये, म्हणून तिकीट काढलेलं नाही. मंदारला एवढ्यात काही बोलू नका, मी बोलेन त्याच्याशी. आई, पाटल्या मोडायच्या नाहीत. कार्यालय आणि जेवणाचे ४ लाख मी पाठवतेय, गार्लंडचा व्यवहार पुरा झाला की लगेच. निखिलच्या पगारातले नाहीत, माझे आहेत. आईच्या खात्यात टाकते, कारण बाबा, तुमच्या खात्यात टाकले तर तुम्ही ते माझ्याच नावानं मुदत ठेवीत घालाल.

तुमची,
सुमी