सारं उडालं नव्हतं, बाबा

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" करता आणि ठेवल्यावर आईला विचारता, "काय म्हणत होती ते?" म्हणून हे लिहितेय. पत्र टेबलाच्या खणात ठेवा.

मंगळवारी सकाळी साडेसहाला तुमचा फोन. "पोरी, सारं उडालं वो! तुह्या मायनं वायर काढली." मागून आई, "मी त मिक्सर लावाले काढली." पडद्यावरची पोळ्याची बैलजोडी जाऊन कोरं निळं चित्र आलेलं, कापूस वेचणीच्या हिशोबाची फाइल गायब, फोटो गायब. त्यात बुधवारी बाजार, म्हणजे बायांचे पैसे द्यायचे. मीही अर्धवट झोपेत आईवरच खेकसले, "चालू कम्प्युटरची वायर कोणी काढतं का?" ती काहीच बोलली नाही. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

आता नेमकं काय झालं ते सांगते. विंडोजमध्ये तुमच्या खात्याची सगळी मांडामांड एनटीयूजर.डॅट नावाच्या फाइलीत असते. सुरू होताना ती उघडता आली नाही, तर विंडोज तुम्हाला माजघरात नेतच नाही, सपरीत तात्पुरती खाट टाकून देतं. त्या खाटेचं नाव टेम्प. माजघरातलं सामान जागच्या जागी असतं, दार तेवढं लागलेलं. सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप: हिशोबाची फाइल तिथेच होती. मात्र सपरीतल्या खाटेवर ठेवलेलं काही टिकत नाही, साइन आउट केलं की साफ. त्या सकाळी तुम्ही घाईनं नवी फाइल करून तिघींचे किलो लिहिलेत ना, तेवढे खरंच गेले.

संध्याकाळी क्विक असिस्टवरून, म्हणजे इथे बसून तुमचा कम्प्युटर चालवायच्या सोयीनं, तुमच्या पडद्यावर आले, तेव्हा आधी दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं, या वेळी भागलं नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, तुमच्या खात्याची खरी नोंद मागे '.बॅक' असं शेपूट लागून बाजूला पडली होती आणि तिच्या जागी टेम्पची नोंद बसलेली. ती हटवली, खरीचं शेपूट काढलं, परत रीस्टार्ट केलं, आणि बैलजोडी आली. (हे तुम्ही करू नका. शेजारच्या हुशार पोरालाही करू देऊ नका.)

मग सहज इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कम्प्युटर स्वतःची रोजनिशी लिहितो, ती तिथे दिसते. 6008 क्रमांकाची नोंद होती: आधीचं बंद होणं अनपेक्षित, वेळ रात्री 1:52. बाबा, रात्री 1:52 ला आई मिक्सर लावत नव्हती. तुम्ही कापसाचे भाव बघता बघता कम्प्युटर चालूच ठेवून झोपलात, लाइन गेली, आणि यूपीएसची बॅटरी तर कधीचीच मेलेली. आईनं वायर काढली तेव्हा यंत्राला बंद पडून साडेचार तास झाले होते. आई, माझं चुकलं गं. बाबांचं काय ते तू बघ.

"मी त रोज बंद करतो" असं तुम्ही म्हणाल. करा, पण एक गंमत ऐका. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, शट डाउन केलं तरी पोटातलं थोडं डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तेच उचलतात. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. रीस्टार्ट केलं की सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून काही विचित्र दिसलं तर शट डाउन नको, रीस्टार्ट करा. आणि तोवर काही नवीन लिहायचं नाही.

यूपीएस उघडून बॅटरीवरचा आकडा मला कळवा, बहुतेक 12 व्होल्ट 7 एएच असेल. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला. त्याचं मी संक्रांतीला आले की पाहते.

बुधवारचे पैसे शेवटी आईच्या वहीवरूनच वाटले म्हणे, ज्या वहीला तुम्ही हसत होता. आई, मंगळवारच्या पानाचा फोटो पाठव. त्या तिघींचे किलो मला फाइलीत भरायचेत.

तुमची,
ताई