आबा, सोल्यूशन कामाला आलं

बोस्टन,
१२ ऑगस्ट

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "लोकांनी सायकली हाणल्यावर दवाखान्याला पैसं कसं मिळत्यात गं?" मी नुसतीच हसले, तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि मी काय जेवले यावर गाडी गेली. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी मदतीला गेले होते त्या सायकल राइडचं नाव पॅन-मास चॅलेंज, कॅन्सरच्या दवाखान्यासाठी पैसे जमवणारी. ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार. लांबच्या मार्गावरचे लोक स्टरब्रिज गावातून पहाटे निघतात, सुमारे ११० मैल चालवून संध्याकाळपर्यंत बोर्नला पोचतात. तिथं जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं कॉलेज आहे, त्यात मुक्काम. रविवारी आणखी सुमारे ८० मैल, थेट समुद्रात घुसलेल्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत. आपल्या हिशेबानं कोल्हापुरातनं पुणं, आणि पुढं घाट उतरून खोपोली. दोन दिवसांत, पायडल मारत.

आता पैशाचं. प्रत्येकानं ठरलेली रक्कम गोळा करायची, लांबच्या मार्गाला काही हजार डॉलर. मंडळाची वर्गणीच म्हणा, फक्त दारात दहा पोरं उभी राहून "काका, पाचशे एक" म्हणत नाहीत. कमी पडले तर उरलेले स्वतःच्या कार्डातून कापले जातात, त्यामुळे कुणी टंगळमंगळ करत नाही. माझ्या ऑफिसातली एकजण मार्चपासून सगळ्यांच्या मागं लागली होती. ती म्हणते, चढ परवडला, मागणं नको. आबा, गिऱ्हाइकाकडं उधारी मागताना तुम्ही आधी पावसापाण्याचं बोलत बसायचा, अगदी तसंच तिचं.

जमलेल्या वर्गणीतला डॉलर न् डॉलर डेना-फार्बर या कॅन्सरच्या संस्थेला जातो. राइडचा खर्च नावनोंदणीची फी आणि प्रायोजक यांतून निघतो. हिशेब असा चोख असला की हात आपोआप खिशात जातो. बिली स्टार नावाच्या माणसाची आई १९७४ साली कातडीच्या कॅन्सरनं गेली. त्यानं १९८० साली ३६ जणांना घेऊन ही राइड काढली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले. आजवरची बेरीज एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. आईसाठी आणखी एक: ज्या डॉ. फार्बरांच्या नावानं ही संस्था आहे, त्यांनी १९४८ साली दाखवलं की रक्ताच्या कॅन्सरची पोरं औषधानं काही काळ का होईना सावरतात. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. इथं मी हे चौघांना सांगितलं, चौघांनाही माहीत नव्हतं. मलाही इथं आल्यावरच कळलं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी सायकल चालवली नाही. मी दुरुस्तीच्या तंबूत होते. आमच्या गल्लीतला सायकल दुकानदार दरवर्षी आपली माणसं घेऊन दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर बसतो. त्याला म्हटलं, माझे वडील चैत्रात जोतिबाच्या यात्रेला केर्लीच्या फाट्यावर पेटी घेऊन बसतात, फुकट पंक्चर काढतात, मी लहानपणी घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे. त्यानं एक वाकडं चाक पुढं ढकललं. मी आऱ्या आवळून त्याचा आऊट काढला. "ये शनिवारी," म्हणाला.

आबा, थांब्यावर गेले आणि क्षणभर वाटलं, नुसता गुलाल उधळायचा राहिलाय. हजारो सायकली, आणि भोवती राबणारी माणसं. कोण केळी सोलतंय, कोण बर्फ फोडतंय. एक आजी सगळ्यांच्या मानेवर ओला फडका ठेवत होत्या, एवढंच काम, सकाळपासून. लोणच्याच्या बरणीतलं खारं पाणी लोक पेल्यानं पितात, पायात गोळे येऊ नयेत म्हणून! रस्त्याकडेला माणसं घरातल्या खुर्च्या टाकून घंटा वाजवत बसलेली, कुणी बागेची नळी धरून अंगावर पाणी उडवतंय. एका बाईच्या हातातल्या पाटीवर लिहिलं होतं, "तुमच्यामुळं मी इथं उभी आहे." उपचार घेणाऱ्या पोरांना राइडमधल्या टीम जोडून दिलेल्या असतात. पोराचा फोटो जर्सीवर लावून ती टीम चालवते. काही पोरं प्रत्यक्ष येतात आणि मग दहा मिनिटं कुणी पुढं सरकत नाही.

माझी फजिती सांगते. पहिल्याच गिऱ्हाइकाची ट्यूब बदलली, हवा मारली, आणि फट्ट! टायर चढवायच्या पट्टीत ट्यूब चिमटली होती. या एकाच चुकीपायी तुम्ही मला किती वेळा ओरडलाय. त्या माणसाची सायकल आपल्या अख्ख्या दुकानाच्या किमतीची असेल, आणि तोंडही तसंच केलं त्यानं. दुसरी ट्यूब घातली ती मात्र हातानं, पट्टीला शिवलेच नाही.

इथं पंक्चर सहसा कुणी काढत नाही. ट्यूब टाकायची, नवी घालायची. दुपारी एक म्हातारबाबा आले, सत्तरीच्या पुढचे, सायकल त्यांच्याहून थोडी तरुण. त्या मापाची ट्यूब कुणाकडंच नव्हती. दुकानदार म्हणाला, अडलेल्यांना घेऊन येणाऱ्या मागच्या गाडीत बसा. बाबांचा चेहरा पडला. मी माझा पंक्चरचा डबा काढला. कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, तुम्ही शिकवल्यासारखं बोट न टेकवता फुंकर मारून वाळवलं, पॅच दाबला. सगळा तंबू भोवती उभा, जणू मी काहीतरी जादू करतेय.

पॅच धरेपर्यंत त्यांच्या हँडलवर नजर गेली. पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं नावं, एकाखाली एक, बावीस होती. काही पुसट झालेली. बायकोचं पहिलं, बाकीची शेजारी, मित्र, एक पोस्टमन. त्यांनी विचारलं, "तुझं कुणी आहे का? लिही." आणि पेन पुढं केलं.

मला आपल्या पलीकडच्या काकी आठवल्या. दुकानात रोज चारला चहा पाठवायच्या, कपावर बशी झाकून. दर आठवड्याला मिरजेच्या एसटीनं कॅन्सरच्या दवाखान्यात जायच्या, आणि परत आल्यावर थकलेल्या असल्या तरी विचारायच्या, "चहा पोचला का रं?" पेन हातात घेतलं आणि कळलं की मला त्यांचं नावच माहीत नाही. आपण सगळे काकीच म्हणायचो. मग मराठीतच "काकी" लिहिलं. बाबांनी ते बोटानं गिरवून बघितलं, उच्चार विचारला, दोनदा म्हणून पाहिला आणि टांग मारली. पुढं काय झालं माहीत नाही. मागच्या गाडीतून आलेल्यांत ते दिसले नाहीत, म्हणजे पॅच टिकला असणार.

आबा, सोल्यूशनच्या चार ट्यूबा आणि तुमची ती लाकडी मुठीची कानस दादा येईल त्याच्याजवळ पाठवा. इथली कानस नुसती गुळगुळीत करते. आणि आई, तू काकांकडं जाशील तेव्हा काकींचं नाव विचारून घे. माहेरचंही असलं तर दोन्ही लिहून पाठव.

तुमची,
थोरली